सदतीस गेममधला एक

११ जुलै २०१५. विम्बल्डन, महिला दुहेरीची अंतिम लढत. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस विरुद्ध एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना व्हेस्निना. निकाल : ५-७, ७-६, ७-५.

६ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिक, महिला दुहेरीची पहिली फेरी. सानिया मिर्झा आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे विरुद्ध चीनच्या पेंग श्वाय आणि झांग श्वाय. निकाल : ६-७, ७-५, ५-७.

आता दोन्ही सामन्यांचे गेम मोजा. विम्बल्डनला सानियाच्या जोडीचे १९, समोरच्या जोडीचे १८. रिओत सानियाच्या जोडीचे १८, समोरच्या जोडीचे १९. दोन्हीकडे बेरीज ३७. एका सामन्यातून जगातली सगळ्यात मानाची ट्रॉफी मिळाली, दुसऱ्यातून पहिल्याच दिवशी महिला दुहेरीतून बाहेरचा रस्ता. दोन्हींतला फरक सदतीस गेममधला एक गेम.

टेनिसमधले आकडे डोकं गरगरवतात ते असे. कारकीर्दीची बेरीज प्रचंड दिसते : ४३ दुहेरी विजेतेपदं, ९१ आठवडे जगात पहिला क्रमांक, सलग ४१ विजय, ७२ लाख डॉलर. आत डोकावलं की हा सगळा डोलारा इतक्या बारीक फरकांवर उभा दिसतो की विश्वास बसू नये. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी दुबईत शेवटचा व्यावसायिक सामना खेळून सानिया थांबली. मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली ही खेळाडू आणि बार्शी तालुक्यातली एक मुलगी जाळ्याच्या एकाच बाजूला उभ्या राहिल्या होत्या. म्हणून हा हिशेब त्याच तालुक्यातल्या वैरागच्या बाजूने मांडायचा.

अडीच गुंठे

वैराग बार्शी तालुक्यातलं मोठं बाजाराचं गाव. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं, संतनाथांचं. बार्शी इथून वीस-बावीस किलोमीटर. इथे जमीन गुंठ्यात बोलते, तर कोर्टही गुंठ्यातच मोजू.

टेनिसचं दुहेरीचं कोर्ट ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद. क्षेत्रफळ २,८०८ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे कोर्ट भरलं अडीच गुंठ्यांहून किंचित जास्त. एकेरीत रुंदी २७ फुटांवर येते आणि कोर्ट दोन गुंठ्यांच्याही आत बसतं. खेळाडूला मागे आणि बाजूला पळायला जागा लागते, ती धरून साधारण १२० फूट बाय ६० फूट मोकळी जमीन हवी. ते झाले ६.६ गुंठे. एका एकरात अशी सहा कोर्टं बसतात.

मधलं जाळं खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्यावर तीन फूट उंच. चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅमच्या दरम्यान असलंच पाहिजे, आणि १०० इंचांवरून काँक्रीटवर सोडला की त्याने निम्म्याहून थोडं अधिक उसळलं पाहिजे. रेषेला चेंडू केसभर जरी शिवला तरी तो आत.

वैरागच्या शेतकऱ्याच्या बांधालाही न पुरणारी ही जागा. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवरही मोजमाप हेच. खेळाची जागा सगळ्यांना सारखी मिळते. तिच्यापर्यंत पोचायला किती वेळा चेंडू मारावा लागतो, हा प्रश्न मात्र सारखा सुटत नाही.

सव्वासहा तास

तो आकडा काढू. हा हिशेब ढोबळ आहे, गृहीतकं माझी. व्यावसायिक खेळाडूची वीस वर्षं धरा. वर्षाचे २५० दिवस कोर्टवर, दिवसाला तीन तास, तासाला ३०० फटके. गुणाकार येतो ४५ लाख. कित्येक खेळाडू यापेक्षा जास्त मारतात, शिवाय सहाव्या वर्षी रॅकेट हाती घेतलेल्या सानियाची व्यावसायिक होण्याआधीची दहा वर्षं यात धरलेलीच नाहीत.

चेंडू ५८ ग्रॅमचा धरला तर ४५ लाख चेंडूंचं वजन भरतं २६१ टन. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावून उसाची एक खेप साधारण वीस टनांची धरली, तर अशा तेरा खेपा. एवढा माल एका मनगटाने जाळ्यापलीकडे फेकायचा, आणि तोही एकेक चेंडू, ठरलेल्या रेषेच्या आत.

खरी चक्रावून टाकणारी गोष्ट यापुढे आहे. रॅकेटच्या तारांना चेंडू चिकटून राहतो तो फक्त चार ते पाच मिलिसेकंद. डोळ्याची पापणी एकदा लवायला शंभर ते दीडशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका लवण्यात असे वीस-तीस स्पर्श मावतील. पाच मिलिसेकंदांना ४५ लाखांनी गुणा. येतात २२,५०० सेकंद. तास केले तर सव्वासहा.

वीस वर्षांच्या कारकिर्दीत चेंडू आणि तारा प्रत्यक्ष एकमेकांना भेटतात ते एकूण सव्वासहा तास. वैरागहून पहाटे निघालेला माणूस पुण्यात पोचून जेवायला बसेल, तेवढ्यात हा सगळा वेळ संपतो. बाकीचं सगळं, म्हणजे धावणं, वळणं, वाट पाहणं, विमानतळ, बर्फाच्या पिशव्या, हॉटेलच्या खोल्या, या सव्वासहा तासांची तयारी.

त्या प्रत्येक पाच मिलिसेकंदांचा धक्का मनगटातून जातो. मनगटात आठ छोटी हाडं असतात. सानियाचा फोरहँड जगातल्या सगळ्यात जोरदार फोरहँडमध्ये गणला जायचा आणि त्या फटक्याची बरीच ताकद शेवटच्या क्षणी मनगट वळवण्यात होती. २७ ऑगस्ट २००७ रोजी ती एकेरीत जगात सत्ताविसावी झाली. आजवर भारताची दुसरी कुणी महिला तिथवर पोचलेली नाही. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रिया वेगळ्या. पुढे एकेरी सोडून ती पूर्णपणे दुहेरीकडे वळली. आज तिचं नाव ज्या आकड्यांसाठी घेतलं जातं, त्यातले बहुतेक या वळणानंतरचे आहेत.

५५ चे ९१ कसे होतात

रॉजर फेडरर एकेरीचे १,५२६ सामने खेळला आणि त्यातले जवळपास ८० टक्के जिंकला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्याने विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला : यातले गुण मी किती टक्के जिंकले असतील? उत्तर होतं ५४. जगातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू जवळजवळ निम्मे गुण हरला.

हे शक्य होतं ते टेनिसच्या मोजणीच्या रचनेमुळे. गुणांचा गेम, गेमचा सेट, सेटचा सामना. प्रत्येक पायरीवर छोटी आघाडी फुगत जाते. समजा एखादी खेळाडू प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे, सर्व्हिस कुणाचीही असो. मग गेम जिंकण्याची शक्यता होते ६२ टक्के. सेट जिंकण्याची ८१-८२. तीन सेटचा सामना जिंकण्याची ९१.

दोघींमध्ये १२० गुण खेळले गेले तर ५५ टक्के म्हणजे ६६ विरुद्ध ५४. बारा गुणांचा फरक. बघणाऱ्याला सामना चुरशीचा वाटतो, घरी जाताना लोक म्हणतात की आज दोघीही सारख्याच खेळल्या. पण अशा सारख्याच खेळणाऱ्या दोघींचे शंभर सामने लावले तर एक ९१ जिंकते आणि दुसरी ९.

आता शक्यता ५५ वरून ५१ वर आणा. १२० गुणांत ६१ विरुद्ध ५९. अख्ख्या सामन्यात फरक दोन गुणांचा. तरी शंभरातले साठ सामने तिच्याच नावावर लागतात. दोन गुण म्हणजे एक दुहेरी चूक आणि एक चेंडू रेषेपासून बोटभर बाहेर.

क्रमवारी याच दोन गुणांची बनलेली असते. महिला एकेरीच्या जागतिक यादीत दीड हजाराच्या आसपास खेळाडू असतात. सत्ताविसावी आणि दोनशे सत्ताविसावी यांना शेजारशेजारच्या कोर्टवर सराव करताना पाहिलं तर कोण कुठली, हे सांगणं तज्ज्ञालाही जड जाईल. यादीतलं दोनशे पायऱ्यांचं अंतर कोर्टवर शंभरातल्या दोन-तीन गुणांचं असतं.

जास्त जिंकून हरणं

पायऱ्यांची ही रचना फरक फुगवते, तशी कधी कधी उलटवतेही. दुहेरीत तर फारच. महिला टेनिस संघटनेच्या (डब्ल्यूटीए) नेहमीच्या स्पर्धांमध्ये दुहेरीचा तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत. त्याऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक होतो. दीड तास घाम गाळून सगळा निकाल दहा-बारा मिनिटांवर येतो.

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया आणि प्रार्थना उपांत्य फेरीत चायनीज तैपेईच्या चान चिन-वेई आणि शिए सु-वेई यांच्याशी खेळल्या. निकाल : ६-७, ६-२, ४-१०. पहिल्या दोन सेटचे गेम मोजले तर भारताचे १२, तैपेईचे ९. तीन गेम जास्त जिंकून भारताची जोडी हरली आणि कांस्यपदकावर थांबली. बार्शीच्या मुलीच्या गळ्यात आशियाई पदक पडलं, वय वर्षं वीस.

नऊ वर्षांनी याच नियमाने दुसऱ्या मराठी मुलीला हात दिला. ३० सप्टेंबर २०२३, हांगझोउ, आशियाई स्पर्धेची मिश्र दुहेरीची अंतिम लढत. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा विरुद्ध पुन्हा चायनीज तैपेईचीच जोडी. निकाल : २-६, ६-३, १०-४. गेम मोजा : भारताचे ८, समोरच्यांचे ९. एक गेम कमी जिंकून सुवर्णपदक.

१२-९ ने पुढे असूनही कांस्य, ८-९ ने मागे असूनही सुवर्ण. यात अन्याय काही नाही, नियम सगळ्यांना आधीच ठाऊक असतात. पण यातून एक गोष्ट कळते. टेनिसमध्ये गुण किती जिंकले यापेक्षा कुठले जिंकले याला भाव जास्त. विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्यात सानिया-हिंगिस तिसऱ्या सेटमध्ये २-५ ने मागे होत्या. समोरच्या जोडीला हवा होता फक्त एक गेम. दोन्ही जोड्या तुल्यबळ धरल्या तर तिथून सलग पाच गेम काढण्याची शक्यता ३२ मध्ये १. ते पाचही गेम त्यांनी काढले.

२ लाख १९ हजार ९०२ कोटी

विम्बल्डननंतर दीड महिन्याने, २०१५ च्या अमेरिकन ओपनपासून, एक मालिका सुरू झाली. अमेरिकन ओपन जिंकली. मग चीनमध्ये ग्वांगझोउ, वुहान, बीजिंग. सिंगापूरला वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स. नव्या वर्षात ब्रिस्बेन, सिडनी, ऑस्ट्रेलियन ओपन. मग सेंट पीटर्सबर्ग. नऊ स्पर्धा, नऊ विजेतेपदं, सलग ४१ विजय. फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहात ही मालिका तुटली. तोडणारी जोडी होती दारिया कासात्किना आणि एलेना व्हेस्निना. हीच व्हेस्निना विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात हरली होती, आणि त्याआधी २०११ ची फ्रेंच ओपनची दुहेरीची अंतिम फेरी सानियाची जोडीदार म्हणून खेळली होती. या खेळात माणसं जाळ्याच्या बाजू सतत बदलत असतात.

सलग ४१ म्हणजे नेमकं किती? नाणं ४१ वेळा उडवून प्रत्येक वेळी छापच पडण्याची शक्यता २१,९९,०२,३२,५५,५५२ मध्ये १. म्हणजे २ लाख १९ हजार ९०२ कोटींत एक. अर्थात ही जोडी काही नाणं नव्हती. म्हणून मघाचा ९१ टक्क्यांचा आकडा घेऊ. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९१ टक्के असलेली, समोरच्यांपेक्षा स्पष्ट वरचढ जोडी घेतली, तरी तिने सलग ४१ जिंकण्याची शक्यता जेमतेम २ टक्के उरते. ही शक्यता पन्नास टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक सामन्यात शंभरातल्या ९८ हून जास्त वेळा जिंकणारी जोडी लागते. आणि त्यातले बरेच सामने सुपर टायब्रेकच्या नियमाने खेळलेले, जिथे दोन सैल सर्व्हिस पडल्या की खेळ आटोपतो.

एवढं करूनही हा विक्रम नाही. मार्टिना नवरातिलोव्हा आणि पॅम श्रायव्हर १९८३ पासून १९८५ च्या विम्बल्डन अंतिम फेरीपर्यंत सलग १०९ सामने जिंकल्या होत्या. या संख्येची शक्यता मी काढत बसलो नाही. तिचे शून्य मोजताना वाचकही कंटाळेल.

सानियाची ग्रँड स्लॅम विजेतेपदं सहा. मिश्र दुहेरीत तीन : महेश भूपतीबरोबर २००९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ची फ्रेंच, ब्रुनो सोआरेसबरोबर २०१४ ची अमेरिकन. महिला दुहेरीत हिंगिसबरोबर तीन. ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत ६४ जोड्या असतात, म्हणजे सहा फेऱ्या. मिश्रमध्ये तेव्हा ३२ जोड्या होत्या, पाच फेऱ्या. सहा विजेतेपदांसाठी पार कराव्या लागल्या १८ अधिक १५, एकूण ३३ फेऱ्या. कुणी नशिबाच्या भरवशावर फक्त सहाच स्पर्धा खेळून सहाही जिंकायच्या म्हटलं, तर शक्यता येते ८५९ कोटींत एक. पृथ्वीवर माणसं आहेत सव्वाआठशे कोटींच्या आसपास. सानिया अर्थातच सहापेक्षा पुष्कळ जास्त स्पर्धा खेळली, बहुतेकींत हरली, आणि त्या हरण्यांतून ही सहा विजेतेपदं वर आली.

६३७ दिवस

१३ एप्रिल २०१५ रोजी सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. ९ जानेवारी २०१७ ला ती जागा गेली. मध्ये ९१ आठवडे, ६३७ दिवस.

शिखरावर पोचण्यापेक्षा तिथे टिकणं अवघड असतं, हे क्रमवारीच्या रचनेतच आहे. गुण फक्त ५२ आठवडे जिवंत राहतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात स्पर्धा जिंकली असेल तर ते गुण या आठवड्यात पुसले जातात, आणि पुन्हा तिथवर पोचलात तरच भरून निघतात. ग्रँड स्लॅम विजेत्याला २,००० गुण मिळतात. वर्षभराने त्याच स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलात तर जवळपास सगळे खात्यातून जातात. ९१ आठवडे पहिल्या जागेवर राहायचं म्हणजे आपल्याच गेल्या वर्षाशी दर आठवड्याला लढत राहायचं.

काळाचं दुसरं एक माप इथे लावून बघण्यासारखं आहे. १९३४ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला होती मुंबईत जन्मलेली लीला राव. तिची आई संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव, आणि आईचे वडील शंकर पांडुरंग पंडित, तुकारामांच्या गाथेच्या एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्तीचे एक संपादक. गाथेच्या पोथ्या जुळवणाऱ्या माणसाची नात विम्बल्डनच्या गवतावर जिंकली. १९६८ ला सुरू झालेल्या ओपन युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली निरुपमा वैद्यनाथन, १९९८ मध्ये. आणि डब्ल्यूटीएची एकेरी स्पर्धा जिंकणारी पहिली सानिया, फेब्रुवारी २००५ मध्ये हैदराबादेत. १९३४ च्या एका विजयापासून २००५ च्या एका विजेतेपदापर्यंत ७१ वर्षं. त्याच खेळाडूने २०२१ पर्यंत दुहेरीची ४३ विजेतेपदं जमवली. त्रेचाळिसावं २०२१ मध्ये ऑस्ट्राव्हाला, आणि जोडीदार कोण? रिओत पलीकडून खेळलेली झांग श्वाय.

एका चेकमध्ये ३३३ स्पर्धा

सानियाची वीस वर्षांची बक्षिसाची कमाई ७२ लाख डॉलरांहून थोडी जास्त. सेरेना विल्यम्सची ९ कोटी ४० लाखांच्या वर, म्हणजे तेरापट. दोघीही आपापल्या प्रकारात जगात पहिल्या होत्या. पण दुहेरीच्या बक्षिसाची रक्कम मुळात कमी आणि ती दोघींत वाटायची.

हा शिखरावरचा फरक झाला. पायथ्याशी फरक आणखी विक्राळ आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सगळ्यात खालच्या महिला स्पर्धेचं एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. एकेरीच्या ३२ खेळाडू आणि दुहेरीच्या जोड्या, सगळ्यांत ते वाटलं जातं. पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, आणि तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक हा खर्च तिचा तिने बघायचा. २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या विजेतीला मिळाले ५० लाख डॉलर. त्या एका चेकमधून पंधरा हजारांच्या ३३३ स्पर्धा भरवता येतील. तिथे पहिल्या फेरीत हरणारीलाही १ लाख १० हजार मिळाले, पायथ्याच्या सातशेपटीहून जास्त.

आणि पायथ्याची खेळाडू शिखराच्या खेळाडूपेक्षा खेळात किती कमी असते? शंभर गुणांत चार, पाच, फार तर सहा. चार-पाच गुणांचा फरक पैशांत उतरतो तो सातशेपटीने. छोटा फरक फुगवणारी मघाची शिडी गेम, सेट, सामना अशी तीन पायऱ्यांची होती. पैसा ही तिची चौथी पायरी. पाय सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच, कारण पहिली पाच वर्षं खेळाडूला आपला तोटा भरून काढणारा कुणी तरी लागतो : आई-वडील, नोकरी देणारी संस्था किंवा प्रायोजक.

पलीकडची बाजू

सोलापूर शहरात अलीकडे आंतरराष्ट्रीय महिला टेनिस स्पर्धा भरल्या आहेत. वैरागहून ते ठिकाण पन्नासेक किलोमीटरवर. परदेशी मुली त्या पायथ्याच्या गुणांसाठी आपल्या जिल्ह्यात येऊन खेळतात. मग वैरागमधून पुढची खेळाडू निघायला अडचण कसली?

जमिनीची नाही, साडेसहा गुंठे कुठेही निघतील. रॅकेट महाग आहे, पण गाव वर्गणी काढून जत्रा भरवतं. अडचण त्या ४५ लाखांच्या आकड्यात लपलेली आहे. तासाला ३०० फटके मारायचे तर तासाला ३०० चेंडू पलीकडून परत यावे लागतात. भिंत ते परत करते, यंत्रही करतं, पण भिंत कधी कोपरा बघून मारत नाही आणि ५-२ ने पुढे असताना घाबरत नाही. शंभरातले ५१ गुण जिंकायला शिकायचं तर समोर ४९ जिंकणारी कुणी तरी रोज हवी. सानियाने २०१३ मध्ये हैदराबादजवळ अकादमी सुरू केली, तिथे प्रार्थनाने सराव केला. बार्शीहून हैदराबादला जाण्याचं पहिलं कारण चांगलं कोर्ट नसतं, चांगली प्रतिस्पर्धी असते. रिओला जाताना दुहेरीच्या क्रमवारीत प्रार्थना दोनशेच्या आसपास होती आणि सानिया पहिली. क्रमवारीत एवढं अंतर असलेल्या या दोघींनी चीनच्या जोडीला पावणेतीन तास झुंजवलं आणि ३७ पैकी १८ गेम घेतले.

वैरागात दिवसाला एकच तास खेळणाऱ्या मुलीला ४५ लाख फटक्यांपर्यंत पोचायला साठ वर्षं लागतील. तीन तास खेळणारीला वीस. एका मुलीने तीन तास खेळायचं तर दुसरीनेही तेच तीन तास खेळलं पाहिजे, रोज, कित्येक वर्षं. एक हुशार मुलगी शोधून तिला शहरात पाठवली की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो. हिशेब वेगळं सांगतो. तालुक्याने शोधायच्या त्या साधारण एकाच वयाच्या, साधारण एकाच ताकदीच्या दोन मुली. त्यातली एक पुढे जाईल, दुसरी कदाचित जाणार नाही. पण त्या पुढे गेलेल्या एकीच्या हातातला सदतिसावा गेम दुसरीने घडवलेला असेल, आणि खर्च करायचा तो दोघींवर.